यंत्र म्हातारं कधी होतं?

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



समुपदेशनाचं काम करणारी बाई आज कॉम्प्युटरवर का बोलते आहे, असं तुम्हाला वाटेल. पण हा प्रश्न आपल्या कामाचाच आहे. नांदेड आणि लातूरकडच्या आपल्या केंद्रांतले बहुतेक कॉम्प्युटर कुणीतरी वापरून झाल्यावर दिलेले आहेत. त्यांत मारहाणीच्या तक्रारी आहेत, पोटगीच्या तारखा आहेत, घर सोडून आलेल्या बाईचा आजचा पत्ता आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. आपल्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे यंत्र सुरू होतं, पण त्यातल्या चोरवाटा बुजवणारं कुणी नाही. कागदी फायलींच्या कपाटाला आपण कुलूप लावतो. मग या कपाटाचं काय? दुकानदार सांगतो, भंगारात घाला, नवीन घ्या. पैसे कुठून आणायचे, ते तो सांगत नाही.

दुसरा मार्ग आहे लिनक्सचा. लिनक्स हा कर्नल आहे. फौजेतला कर्नल नव्हे! कर्नल म्हणजे गाभा. मेमरी, डिस्क, प्रिंटर ही यंत्राची अंगं आणि आपण वापरतो ते प्रोग्राम, यांच्यामध्ये राहून कामं वाटून देणारा भाग. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. तो कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, फुकट वापरता येतो.

या कर्नलसोबत एक यादी असते. कोणत्या भागाची काळजी कोण घेतं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ज्या भागाला कुणी वाली नाही, त्यापुढे शेरा असतो ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ. ती यादी पाहताना मला आपल्या निराधार योजनेचे अर्ज आठवले. लिनक्स ज्या इंटेल ३८६ वर जन्मला, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढला गेला, कारण त्याच्यासाठी प्रत्येक बदलात जास्तीचं काम पडत होतं. उलट ऐंशीच्या दशकातल्या मोटोरोला ६८००० घराण्यातली यंत्रं लिनक्समध्ये अजून टिकून आहेत, कारण मोजकी माणसं ती चिकाटीने सांभाळतात. तेव्हा यंत्र नुसत्या वर्षांनी म्हातारं होत नाही. सांभाळणारं कुणी उरलं नाही, की ते म्हातारं होतं.

आता आपल्यापुरतं बोलू. जी यंत्रं ६४ बिटांची आहेत, त्यांच्यासाठी स्वतःचा कर्नल बांधायची सहसा गरज नसते. डेबियनसारखी तयार लिनक्स प्रणाली त्यांवर चालते, मराठीही लिहिता येतं. अडचण आहे ती ३२ बिटांच्या, एक जीबी मेमरीच्या यंत्रांची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी तयार कर्नल देणं बंद केलं. डेबियन १२ ची दीर्घ देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर यंत्र सांभाळायचं, तर मूळ लिनक्समधून कर्नल आपणच बांधायला शिकलं पाहिजे.

ते अवघड आहे, पण अशक्य नाही. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा दिली, की त्या क्षणी यंत्रात जे ड्रायव्हर चालू आहेत तेवढेच निवडले जातात, बाकीचे हजारो गळतात. म्हणून आज्ञा देण्याआधी प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह जोडून ठेवायचे, नाहीतर नव्या कर्नलला ते ओळखता येणार नाहीत. जुन्या यंत्रावर बांधणी रात्रभर चालते आणि मध्येच वीज जाते. त्यापेक्षा एखाद्या नव्या यंत्रावर बांधून पेन ड्राइव्हवरून न्यावं. जुना कर्नल मात्र पुसायचा नाही. नवा चालला नाही, तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता येतो.

खरं काम यानंतर सुरू होतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत राहतात, त्या घेऊन पुन्हा बांधायचं. घरकामासारखंच आहे हे. झालं तर कुणाला दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं. अशा कामाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

‘हे मुलांचं काम’ असं म्हणून आपण यंत्र बाजारातल्या पोराच्या हाती देतो, आणि त्यासोबत त्या बायकांचे पत्तेही देतो. कर्नलच्या कामात बायका कमी आहेत हे खरं. पण २०१३ पासून, आज आउटरीची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमातून, मुलींना मानधन देऊन हे काम शिकवलं जातं. त्यांत भारतातल्या मुलीही आहेत. एमएस-सीआयटी केलेल्या मुली आपल्या तालुक्यांतही आहेत. त्यांना पुढची पायरी कुणी दाखवली?

माझी सूचना अशी. प्रत्येक केंद्रातून दोघींनी शिकावं. एकीनेच शिकलं, तर तिची बदली किंवा बाळंतपण आलं की यंत्र पुन्हा अनाथ होईल. काय बदललं, कधी बदललं, याची वही ठेवावी. आणि जे यंत्र सांभाळणं खरंच झेपणार नाही, ते इंटरनेटपासून तोडावं. त्यातली माहिती सुरक्षित यंत्रावर हलवून डिस्क पूर्ण पुसावी, आणि मगच ते भंगारात द्यावं. ते कधी द्यायचं, हे मात्र दुकानदाराने नव्हे, आपण ठरवावं.