‘पळपुटा’ : एका शब्दाचा अर्थ



धैर्य नसलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भित्रा, भेकड, भ्याड, भागूबाई, पळपुटा. बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. परंतु त्यांचे वजन सारखे नाही. ‘भित्रा’ हा स्वभाव सांगतो, तर ‘पळपुटा’ हा कृतीवर ठेवलेला ठपका आहे. (‘भागूबाई’ हा बाईच्या नावाने पुरुषाला हिणवण्याचा प्रकार. तो वापरातून गेला तरी भाषेचे काही बिघडणार नाही.)

‘पळपुटा’ म्हटले की दुसऱ्या बाजीरावाचे नाव आपोआप जिभेवर येते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला बापू गोखले लढत होते, तेव्हा पेशवे पर्वतीवर होते. पुणे सुटल्यानंतरची त्यांची धावपळ याच मुलुखातून झाली. डिसेंबरात जुन्नरच्या उत्तरेस ब्राह्मणवाड्याच्या डोंगराळ भागात त्यांचा तळ होता. तेथून ते ओतूरमार्गे चाकणकडे उतरले आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली. २० फेब्रुवारीस अष्टीच्या रणांगणावर गोखले पडले. पेशवे तेथूनही निसटले. जूनमध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले. सालिना आठ लाखांचा तनखा ठरला आणि उरलेले आयुष्य बिठूरला गेले.

आता शिवनेरीकडे पाहावे. या गडावर जन्मलेले शिवाजी महाराजही १६६६ मध्ये आग्र्याहून निसटले होते. त्यांना हा शब्द लावण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले त्यांनी १६७० पासून परत घेण्यास आरंभ केला. म्हणजे नुसती पाठ फिरवल्याने हा शब्द चिकटत नाही. ज्यांचा भार आपल्यावर आहे त्यांना वाऱ्यावर सोडले, की तो चिकटतो आणि दोनशे वर्षे सुटत नाही.

उलट ‘पापभीरू’ ही स्तुती आहे. ‘भित्रा’ आणि ‘भीरू’ एकाच ‘भी’ धातूच्या कुळातले. तरी ज्याचा हात तराजूचा काटा मारण्यास धजत नाही, त्याला बाजारपेठ मानानेच पापभीरू म्हणते. भय कशाचे, यावर सारे अवलंबून आहे.

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. उसात बिबट्याचा वावर आहे आणि शेतीची वीज रात्रीची असली, की पाणी भरण्यास रात्रीच जावे लागते. अशा वेळी सोबतीला माणूस आणि हातात बॅटरी मागणाऱ्या तरुणाची पारावर ‘भित्रा’ म्हणून थट्टा होते. मग त्या एका शब्दाच्या लाजेने तो एकटाच उसात शिरतो.