माजघरातला फोटो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



१८६९ सालच्या भोरच्या राजवाड्यात चौकातून उजेड येतो. आपल्या वेल्ह्याकडच्या घरांना चौक कुठला? पाऊस झोडपणारा, म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान, माजघरात भरदिवसा काळोख. तिथे मी सासूबाईंचा फोटो फ्लॅश लावून काढला. छापून आला, तर चष्म्याच्या जागी दोन पांढरे डाग! पुढे त्या गेल्या. त्यांचे डोळे काही फोटोत उरले नाहीत.

मग मी शिकले. भिंतीवर तिरपा टाकलेला चेंडू तितकाच तिरपा पलीकडे जातो, तसाच उजेड. समोरून टाकला की समोरच परततो. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा. माणसाला उघड्या दाराशी तिरपे बसवावे, दाराकडे पाठ नको. अंधाऱ्या बाजूस पांढरे धोतर टांगावे, ते चेहऱ्यावर उजेड परतवते. मागची पितळी भांडी चमकली, तर आपण दोन पावले सरकावे. काळोखात कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा राहतो, हात हलला की फोटो पुसट. तेव्हा मोबाइल डब्याला टेकवून टायमर लावावा.

भगिनींनो, घरात म्हातारे माणूस असेल तर सणाची वाट पाहू नका. आजच दार उघडा.