नेमणुकीचा कागद आणि आदिवासीची जागा

(आरमोरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पंधरा-वीस वर्षे सेवा केल्यावर नेमणूकच रद्द ठरली, तर कुटुंब उघड्यावर येते. विदर्भातील अनेक घरांनी ही धास्ती अनुभवली आहे. परंतु त्याच नेमणुकीच्या कागदापलीकडे दुसरा एक तरुण उभा आहे. त्याला तो कागद कधी मिळालाच नाही. आणि तो कुरखेडा-कोरचीकडचा असण्याचा संभव मोठा आहे. आपण दोघांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. पण निवाडा करण्याचे टाळता कामा नये.

हलबा ही आपल्या वनप्रदेशातील जमात. विणकर कोष्टी समाजातील अनेकांनी आपण ‘हलबा कोष्टी’, म्हणजे हलबाच, असा दावा केला. १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातींवरील क्षेत्रबंधन उठले आणि अशा दाखल्यांवरील दावे वाढले. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी आहे तशीच वाचावयाची. तिच्यात भर घालण्याचा अधिकार केवळ संसदेचा आहे. मात्र अंतिम झालेल्या प्रवेशांना व नेमणुकांना त्या निकालाने धक्का लावला नाही. पुढील वाद या सवलतीवरून पेटला.

ऑक्टोबर २००१ मध्ये महाराष्ट्राचा जातपडताळणी कायदा अमलात आला. दाखला खोटा ठरल्यास त्यावर मिळविलेले लाभ काढून घ्यावेत, असे त्याचे दहावे कलम सांगते. तरीही २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, लबाडी सिद्ध झाली नसेल तर नोकरीला संरक्षण देता येईल, असे मानले. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत फेटाळले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा : शिक्षा करावयाची तर अप्रामाणिक हेतू पाहावा लागेल, लाभ काढून घेण्यासाठी तो पाहण्याचे कारण नाही.

हा निकाल कठोर आहे, पण तो योग्य आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी इतकेच सांगेन, की राखीव जागा मोजक्या असतात. एकाला दिलेली सवलत हवेतून येत नाही. ती दुसऱ्याच्या पानातून उचललेली असते. सेवा लांबली म्हणून हक्क निर्माण होतो असे मानले, तर जो खटला अधिक काळ रेंगाळत ठेवील तोच जिंकेल.

मग विणकर शत्रू काय? मुळीच नाही. यंत्रमाग आणि गिरणीने त्याचा हातमाग मोडला. आरमोरीच्या कोशाची कीर्ती ऐकलेल्यांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या उपजीविकेचा प्रश्न खरा आहे; पण त्याचे उत्तर विशेष मागास प्रवर्गाच्या आरक्षणात, सहकारी संस्थांत आणि सुतापासून बाजारापर्यंतच्या मदतीत शोधावयाचे आहे. गोंड-माडियांच्या वाट्यात ते शोधणे म्हणजे एका गरिबाची भूक दुसऱ्या गरिबाच्या ताटातून भागविणे होय.

खरा दोषी आहे शासनसंस्था. दाखले तिच्याच अधिकाऱ्यांनी दिले, नेमणुका तिनेच केल्या आणि पडताळणी वर्षानुवर्षे रखडविली. २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने शासनाने या कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांच्या अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचे ठरविले. त्यामागील माणुसकीला माझा विरोध नाही; तिचा खर्च सरकारी तिजोरीने सोसावा. परंतु मूळ जागा रिकामी करून ती खऱ्या आदिवासीने भरली जात नाही, तोवर त्या माणुसकीची किंमत आदिवासीच मोजत राहतो. आदिवासी संघटना ज्या १२,५०० पदांविषयी बोलत आल्या, त्या आकड्याचा अर्थ हाच आहे.

एक इशारा देतो. पडताळणीचा वरवंटा खऱ्या आदिवासीवरही फिरतो. १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला जंगलातल्या निरक्षर आजोबांकडे कोठून असणार? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे असे सांगितले, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हा आपली मागणी त्रिविध असावी : पडताळणी नेमणुकीपूर्वी व ठरावीक मुदतीत व्हावी, रिकाम्या झालेल्या जागा विशेष भरतीने भराव्यात, आणि विणकरांसाठी स्वतंत्र रोजगार-योजना असावी. गावोगावी जाऊन मुलांचे कागद गोळा करण्यास मदत करणे, हे आपले पहिले काम. मोर्चा त्यानंतर.