दंतरोपणापूर्वीचे अस्थिकलम : रुग्णाने काय विचारावे?

(ग्रामीण आरोग्य मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाच्या प्रसिद्धी खात्यातील एक सेवक. मी दातांच्या शस्त्रक्रियेवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि या विषयाची माहिती करून घेणे मला भाग पडले.

माझ्या मावशीच्या वरच्या दाढा काढून बरीच वर्षे झाली होती. एका खाजगी दवाखान्यात तिला कायमचे दात बसवून घ्यावयाचे होते. “हाड कमी आहे, थोडी पावडर भरावी लागेल,” एवढेच तिला सांगण्यात आले. इंग्रजीत छापलेल्या कागदावर तिने सही केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढे कागदपत्रे लावून ठेवताना माझ्या लक्षात आले की, ती भुकटी गाईच्या हाडापासून केलेली होती. मावशी जन्माची शाकाहारी. तिला सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला आणि अखेर सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दाताबद्दल माझी तक्रार नाही रे. पण मला एकदा विचारायला हवं होतं.”

तिचे हे म्हणणे मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम, हाड भरण्याची गरज का पडते ते पाहू. दंतरोपण म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर दात उभा करणे. स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगांत आढळले की, हा धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. मात्र धातूला धरून ठेवण्यास पुरेसे हाड हवे. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या हाडाच्या आत, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढ काढली की खालून हाड झिजते आणि वरून ही पोकळी खाली उतरते. कित्येकदा मध्ये चार-पाच मिलिमीटर हाडही उरत नाही.

अशा वेळी शल्यचिकित्सक जबड्याच्या बाजूने हाडात लहानशी खिडकी पाडतात, पोकळीचे पातळ अस्तर हळूच वर उचलतात आणि खाली झालेल्या जागेत हाडाचे कण भरतात. अमेरिकेतील डॉ. टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत वापरात आणली, तर बॉइन व जेम्स यांनी १९८० साली ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली. भरलेल्या जागी नवे हाड तयार होण्यास साधारणतः सहा महिने किंवा अधिक काळ लागतो.

आपण शेतकरी मंडळी कलम जाणता. येथेही अस्थिकलमच करावयाचे असते. भरावयाचे पदार्थ मुख्यतः चार प्रकारचे आहेत.

पहिला, रुग्णाचे स्वतःचे हाड. हनुवटी, खालच्या जबड्याचा मागचा भाग किंवा कंबरेचे हाड यांतून ते घेतात. त्यात जिवंत पेशी असतात. परंतु दुसरी जखम सोसावी लागते आणि हे हाड लवकर विरते.

दुसरा, मानवी दात्याचे हाड. ते ऊतीपेढीत शुद्ध करून, वाळवून निर्जंतुक केलेले असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली अशी पेढी सुरू झाली. तेथे किरणोत्साराने निर्जंतुकीकरण केले जाते.

तिसरा, प्राण्याचे, बहुधा गाईबैलाचे व क्वचित डुकराचे हाड. त्यातील सेंद्रिय अंश काढून टाकून केवळ खनिज ठेवतात. ते सावकाश विरते, म्हणून भरलेल्या जागेची उंची टिकते.

चौथा, कृत्रिम पदार्थ. हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, जैवकाच ही त्यांची नावे. त्यांत प्राण्याचा अंश नसतो.

यांपैकी अमुकच सर्वश्रेष्ठ, असे म्हणता येत नाही. वेलीला मांडव लागतो, तसा हा पदार्थ आधार देतो. हाड वाढते ते रुग्णाचेच. योग्य रुग्ण आणि कुशल हात असतील, तर चारही प्रकारांनी चांगले यश मिळते. म्हणजेच निवडीला वाव आहे. आणि वाव आहे म्हणूनच रुग्णाला विचारणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. कोणाला गाईचे चालणार नाही, कोणाला डुकराचे, कोणाला मृत दात्याचे. कोणाला यांपैकी कशाचेच वावडे नसेल. प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान राखला पाहिजे.

तेव्हा सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. हा पदार्थ कशापासून केलेला आहे? खिडकीवर झाकावयाचा पडदा कशाचा आहे? (भुकटी कृत्रिम असली, तरी पडदा पुष्कळदा प्राण्याच्या कोलॅजेनचा असतो.) हाड न भरता, आखूड रोपणाने, शेजारच्या दातांच्या आधारावरील पुलाने किंवा कवळीने काम भागेल काय? एकूण खर्च व काळ किती?

आपणही काही लपवू नका. तंबाखूचे व्यसन, आटोक्यात नसलेला मधुमेह, सायनसचा जुना विकार, हाडे ठिसूळ होण्यावरील औषधे, हे सारे डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाक जोराने शिंकरू नका. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंका.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना व पंचायतीच्या सेवकांना माझी विनंती आहे. गावातील कोणी संमतिपत्र घेऊन आपल्याकडे आला, तर ते त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. दहा मिनिटांचे काम आहे. माझ्या मावशीसाठी ते कोणी केले नाही. मीही केले नाही, याची खंत मला आहे.