बंदुकीचा बार आणि कानांचें रक्षण

कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें रायफल-नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. असें यश पाहून आपलें मूल रायफल शिकूं म्हणेल, तर त्याच्या नेमाइतकीच त्याच्या कानांची काळजी वाहावी.

लहान ‘टू-टू’ रायफलीचाहि बार सुमारें १४० डेसिबलपर्यंत जातो. शिकारी रायफल वा छऱ्यांची बंदूक १५० च्याहि वर जाते. या मापांत दर दहा डेसिबलांस ध्वनीची तीव्रता दसपट होते. आणि अंतःकर्णांतील ध्वनिग्राही पेशी एकदां मेल्या, कीं माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत.

मग साधन कोणतें निवडावें? कापसाच्या बोळ्यावर विसंबूं नये. फोमचीं बुचें स्वस्त व उत्तम; पण तीं वळून बारीक करावीं, कान वर-मागें ओढून आंत सारावीं व फुगेपर्यंत बोटानें धरावीं. वाटीसारखीं कर्णकवचें मुलांस सोयीचीं. मात्र चष्म्याच्या काडीनें फट पडूं देऊं नये. वेष्टनावरील आंकडा प्रयोगशाळेंतला असतो. व्यवहारांत संरक्षण बहुधा त्याहून कमी भरतें. मोठ्या बंदुकीस किंवा बंदिस्त जागेंत दोन्ही साधनें एकदम वापरावीं. त्यांच्या आंकड्यांची बेरीज मात्र होत नाहीं. दुसऱ्यानें सुमारें पांच डेसिबलांचीच भर पडते. विजेरीवर चालणारीं कवचें बार दाबतात, पण शिक्षकाची आज्ञा ऐकूं देतात. नवशिक्यास हा गुण मोलाचा.

बारानंतर कानांत गुणगुण उरली, तर ती सूचना समजावी. ही हानि बहुधा दुखत नाहीं, म्हणून उशिरां कळते. श्रवणयंत्र आवाज वाढवितें. गेलेली स्पष्टता तें पुरती परत देऊं शकत नाहीं.