आठवड्याला एक रंगीत पान

(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या व्यासपीठावर प्रिंटरच्या शाईबद्दल बोलायचं म्हणजे पंगतीत मिठाच्या बरणीवर भाषण करण्यासारखं आहे. पण पानात मीठ नसलं की काय होतं, ते आपण सगळेच जाणतो. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ सभासद अजूनही मोबाईलवर नाही, कागदावरच नोटीस वाचतात. अशा वेळी अक्षरांमध्ये पांढऱ्या रेघा उमटल्या, की धावाधाव सुरू. घरीसुद्धा तेच. मुलांचा प्रोजेक्ट उद्या द्यायचा असतो आणि प्रिंटर बरोबर आज रात्री संप करतो.

बहुतेक वेळा शाई संपलेली नसते, वाळलेली असते. हे कसं होतं? इंकजेट प्रिंटरची शाई म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात रंग. ती कागदावर पडते केसापेक्षाही बारीक छिद्रांतून. काही प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून वाफेच्या बुडबुड्याने थेंब बाहेर ढकलतात, काहींत विजेने हलणाऱ्या बारीक स्फटिकाने. पद्धत कुठलीही असो, छिद्राच्या तोंडाशी पाणी उडालं की रंग तिथेच घट्ट बसतो. ज्येष्ठांना आठवत असेल, शाईच्या पेनाचं टोपण उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी निब चालायची नाही. अगदी तसंच.

प्रिंटरलाही टोपण असतं बरं का! काम संपल्यावर त्याचं हेड एका कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपणावर बसतं. पण हे खात्रीने होतं प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तरच. म्हणून पहिला नियम: आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा विझेपर्यंत थांबा, मगच भिंतीवरचा स्विच बंद करा. छापता छापता लाईट गेली तर आल्यावर प्रिंटर पुन्हा चालू करून बटणाने नीट बंद करा. आपल्या ऑफिसात कुलूप लावण्याच्या घाईत एकदम मेन स्विच खाली ओढतात. तेवढं टाळलं तरी निम्मं काम झालं.

दुसरा नियम: आठवड्याला एक पान छापा, आणि ते रंगीत असू द्या. बोअरचा पंप महिनोन्‌महिने चालवला नाही तर जाम होतो, म्हणून आपण तो मधूनमधून चालवतोच ना? जे फक्त काळी अक्षरं छापतात, त्यांची निळी, गुलाबी आणि पिवळी शाई पडून राहते. पानावर चारही रंगांचे चार पट्टे आले तरी पुरे. प्रिंटरच्या मेनूत ‘नोझल चेक’ असतं, त्यात शाई अगदी थोडी जाते आणि कुठला रंग अडलाय तेही कळतं.

तिसरा नियम: रेघा तुटल्या तर ‘हेड क्लिनिंग’ एकदा करा, फार तर दोनदा. मग काही तास थांबा. मुरलेल्या पाण्याने वाळलेली शाई सैल व्हायलाही वेळ लागतो. लागोपाठ दहादा क्लिनिंग केलं तर भरलेली शाई तिथेच ओतली जाते. ती प्रिंटरच्या आतल्या शोषक पॅडमध्ये जाते आणि पॅड भरलं की बरेच प्रिंटर कामच थांबवतात. म्हणजे शाईचा खर्च वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. छिद्रात टाचणी तर कधीच घालू नका. ज्या कार्ट्रिजला तळाशी स्वतःचं हेड असतं, ते ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडा वेळ टेकवून ठेवलं तर अनेकदा सुरू होतं. फक्त त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका.

आता जागेबद्दल. प्रिंटर खिडकीतल्या उन्हात किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नका, वरून कापड घाला, म्हणजे धूळही बसत नाही. जास्तीचं कार्ट्रिज लागेपर्यंत सीलबंदच असू द्या. टाकीवाला प्रिंटर असेल तर शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर नळ्यांत हवा शिरते. पावसाळ्यात उलटा त्रास: कागद दमट होऊन अडकतो. रीम पिशवीत घट्ट बांधून ठेवावी.

आणि ज्यांना वर्षातून चारदाच, तेही काळं-पांढरंच छापायचं आहे, त्यांनी नवीन घेताना लेझर प्रिंटरचा विचार करावा. त्यात टोनरची कोरडी पूड असते, ती वाळण्याचा प्रश्नच नाही. किंवा मुळात घेऊच नये. प्रत्येक घरात एक प्रिंटर आणि प्रत्येकाची शाई वाळलेली, यापेक्षा शेजारी मागून वापरलेला एक चालता प्रिंटर बरा. वाटीभर साखर आपण मागतोच की! फक्त कागद आपला न्यावा आणि शाईचे पैसे न मागता द्यावेत.

शेवटी कमिटीपुढे एक सूचना ठेवतो. दर रविवारी ऑफिसच्या प्रिंटरवर नोटीस बोर्डासाठी एक रंगीत पान छापायचं. त्यात पाण्याच्या वेळा, लिफ्टच्या दुरुस्तीची तारीख, परीक्षेत यश मिळवलेल्या मुलांची नावं, वाढदिवस असे मजकूर असतील. मजकूर आणि चित्रं सोसायटीतल्या मुलांनी आळीपाळीने करावीत. वर्षाला ५२ पानं होतील. बोर्ड ताजा राहील, मुलांना हातात काम मिळेल आणि सप्टेंबरमध्ये सभेची नोटीस काढायची वेळ आली की प्रिंटर तयार असेल. खर्च म्हणाल तर एका वाया गेलेल्या कार्ट्रिजच्या मानाने किरकोळ. सूचना पटली तर येत्या रविवारचं पहिलं पान कोण करणार, तेवढी नावं आजच ऑफिसात द्या.