न्यायकचेरी आणि देवमंदिर
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामसभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवप्रसंगी आपल्याच पूर्वजांचे गुणगान करावे असा प्रघात आहे. तथापि आज मी आपणांस दूरदेशीच्या एका कौंटीची, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या एका मुलखाची, हकीकत सांगणार आहे. कारण तीत आपणांस घेण्याजोगा बोध आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात नेल्सन नावाची कौंटी आहे. १७८४ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ती निर्माण केली. चुनखडीची जमीन, गोलसर माथ्याच्या टेकड्या, मधून वाहणारी बीच फोर्क नदी व मक्याची शेते, असा तो प्रदेश आहे. बार्ड्सटाऊन हे तिचे मुख्य ठिकाण. तेथे चौकाच्या मध्यभागी १८९२ साली बांधलेली जुनी न्यायकचेरी उभी आहे आणि त्याच गावी संत जोसेफाचे मंदिर आहे. १८०८ साली न्यूयॉर्क, बॉस्टन व फिलाडेल्फिया या नगरांबरोबरच या लहानशा गावालाही पोपमहाशयांनी बिशपांचे पीठ दिले! पुढे १८४१ साली ते पीठ लुइव्हिल येथे गेले.

तेथील राज्यकारभाराची रीत पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे तहसीलदारास सरकार नेमते. तेथे शेरीफ, तुरुंगाधिकारी, इतकेच नव्हे तर दफ्तर सांभाळणारा अधिकारीही लोकच मते देऊन निवडतात. कौंटीचा मुख्य कारभारी 'जज' म्हणविला जातो. परंतु १९७५ च्या घटनादुरुस्तीनुसार १९७८ पासून निवाडा करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नाही. कारभार करणाऱ्यानेच न्यायही द्यावा, हे लोकांस योग्य वाटले नाही.

आता बोधाची गोष्ट. मेरीलँडहून येथे वसाहतीस आलेल्या कॅथलिक कुटुंबांपैकी कित्येकांनी गुलामही बरोबर आणले. त्या काळी केंटकीतील न्यायकचेऱ्यांच्या दफ्तरांत जमीन व गुरे यांच्याप्रमाणे ही माणसेही मालमत्ता म्हणून नोंदली जात. त्यांपैकी पुष्कळांची नावे चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही होती. एका वहीत किंमत, दुसऱ्या वहीत अमर आत्मा! आणि दोन्ही वह्यांना एकच समाज साक्षी होता. १८१२ साली या कौंटीत स्थापन झालेल्या नाझरेथच्या धर्मभगिनींच्या संघाकडेही गुलाम होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. केंटकीच्या विधिमंडळाने त्या दुरुस्तीस मान्यता दिली ती मात्र १९७६ साली. २००० साली या धर्मभगिनींनी इतर दोन संघांसह जाहीर क्षमायाचना केली. १९४७ साली बिहारातील मोकामा येथे येऊन रुग्णसेवा आरंभिली ती याच संघाने.

बंधुभगिनींनो, कचेरीचे दफ्तर आपोआप न्यायी होत नाही. ते न्यायी राहावे म्हणून जागणारी माणसे लागतात. आपल्या धर्मग्रामाच्या वहीत ज्या विधवेचे, ज्या आदिवासी बांधवाचे नाव आपण आदराने लिहिले, त्याच माणसाचे नाव सातबाराच्या उताऱ्यावरून पुसले जात असेल, तर ती केवळ सरकारची बाब नव्हे. ज्याला उतारा वाचता येत नाही त्याच्याबरोबर आपल्यापैकी एकाने तहसील कचेरीत जावे. ग्रामसभेत बसावे, बोलावे. देवळात आपण ज्याला बंधू म्हणतो, त्याला कचेरीच्या ओट्यावर एकटे उभे राहू देऊ नये. आपल्या महोत्सवाची एवढी एक खूण मागे राहिली तरी पुष्कळ झाले.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.